आपल्याच तालुक्यात परक्या

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. बाईनं पोलीस ठाण्याची पायरी चढू नये, हे मात्र कुणी म्हणतही नाही, ते गृहीतच धरलेलं असतं. घरचा पुरुष जाईल, सरपंच जातील, कारखान्यातला कुणी ओळखीचा फोन करेल; बाईनं घरात थांबावं. आता मात्र बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या बायांना एका नव्या कारणासाठी ही पायरी चढावी लागते आहे. ते कारण म्हणजे पासपोर्ट.

लेक अमेरिकेत नाहीतर जर्मनीत असते, तिच्या बाळंतपणाला आईला जायचं असतं. कुणाची सून नर्सिंग शिकून आखातात निघालेली असते. कुणी चौघी-पाचजणी भिशीचे पैसे साठवून सिंगापूर-बँकॉक बघून येणार असतात. सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या उताऱ्यावर नाव नाही, अशा बाईच्या हातात जन्मात पहिल्यांदा फक्त तिचं म्हणून एक पुस्तक येणार असतं. अर्ज होतो, बोटांचे ठसे होतात, फोटो होतो. मग पोलीस पडताळणीचा फोन येतो. कागदपत्रं घेऊन ठाण्यात या. कागद सगळे बरोबर असतात. तरी फाईल टेबलावरच राहते आणि प्रेमळ आवाजात प्रश्न येतो, “मावशी, लेक डॉलरमधी कमावती आन् आमाला चहा बी नाही व्हय?”

या वाक्याचे दहा प्रकार मी ऐकले आहेत. बायकांबरोबर ठाण्यात जाणं हे आमच्या गटाचं नेहमीचं काम आहे, त्यामुळे ते ऐकावंच लागतं. कधी ‘चहापाणी’, कधी ‘मुलांना पेढे’, कधी नुसतंच ‘बघा की तुमच्या मनानं’. पासपोर्टच्या पडताळणीला अर्जदाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. या कामासाठी परराष्ट्र खातं राज्याच्या पोलिसांना स्वतंत्रपणे पैसे देतं. म्हणजे एकाच कामाचे पैसे दोनदा गोळा होतात. एकदा सरकारी तिजोरीतून, एकदा मावशीच्या कनवटीतून.

पाचशे-हजाराच्या रकमेवर एवढा कागद कशाला खर्चायचा, असं कुणी विचारेल. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. बाईकडून मागितली जाणारी ही लाच म्हणजे तिच्या बाहेर पडण्यावर बसवलेला कर आहे. पोलीस तो गोळा करतात आणि ‘देऊन टाक, वाद नको’ म्हणणारं आपलं घर तो गोळा करायला मदत करतं. हा कर बारामतीत सुरू होतो आणि बँकॉकच्या नाक्यापर्यंत आपल्या मागे येतो.

सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात

परदेश सहलीच्या आधी सूचना दिल्या जातात, त्या ऐकण्यासारख्या असतात. गोळ्या-औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, लोणच्याची बरणी नीट बांधा, गटाला सोडून जाऊ नका. आणि शेवटी जरा आवाज खाली आणून, “थोडे सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात ठेवा. तिकडे पोलिसानं अडवलं तर हुज्जत घालायची नाही. द्यायचे आणि सुटायचं.” हे इतक्या सहज सांगितलं जातं की जणू तोही एक हवामानाचाच भाग आहे. पाऊस येतो म्हणून छत्री, पोलीस येतो म्हणून नोट.

हा सल्ला देणाऱ्यांना व्यवहारी म्हणतात. त्यांच्या या व्यवहाराचा जरा हिशेब मांडू. परक्या देशातला पोलीस पर्यटकालाच का गाठतो? तीन गोष्टी त्याला दिसतात. पर्यटक परका असतो, त्याला भाषा आणि कायदा कळत नाही. तो एकटा असतो, त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. आणि तो घाईत असतो, त्याचं विमान, त्याची बस सुटणार असते. परकेपणा, एकटेपणा आणि घाई, या तीन गोष्टींच्या जोरावर सगळी वसुली चालते. गुन्हा झाला की नाही याच्याशी तिचा संबंध नसतो.

२०१३ साली इंडोनेशियातल्या बाली बेटावर एका डच पत्रकारानं हेल्मेट न घालता दुचाकी चालवली आणि पोलिसानं अडवल्यावर काय होतं ते लपवलेल्या कॅमेऱ्यानं टिपलं. पोलिसानं दोन लाख रुपिया घेतले, पावती दिली नाही, उलट त्यातल्याच पैशांतून बिअर मागवून त्याला पाजली. ती चित्रफीत जगभर गाजली. लोक हसले. मलाही त्यात हसण्यासारखं दिसलं, पण एक प्रश्नही पडला. त्या पत्रकाराच्या जागी आपल्यातली एकटी बाई असती आणि पोलीस तिला बिअर पाजायला निघाला असता, तर हसू आलं असतं का?

त्याचं उत्तर दहा वर्षांनी बँकॉकमध्ये मिळालं. २०२३ च्या जानेवारीत तैवानच्या एका अभिनेत्रीला रात्री नाक्यावर पोलिसांनी अडवलं आणि २७ हजार बाट घेऊन सोडलं. मायदेशी परतल्यावर तिनं हे जाहीर सांगितलं. सुरुवातीला पोलिसांनी हात झटकले. पण ती बोलत राहिली, आणि शेवटी त्या नाक्यावरच्या पोलिसांवर कारवाई करावी लागली. ही बाई नावाजलेली होती, तिच्यामागे तिच्या देशातली वर्तमानपत्रं उभी राहिली. आपल्या भिशीच्या गटातल्या बाईमागे कोण उभं राहील? बहुधा तिचा नवराच विचारेल, “रात्रीची तिकडे कशाला गेली होतीस?”

बाईची लाच गप्प राहते ती याच प्रश्नामुळे. पुरुष परदेशात पैसे देऊन सुटला तर परत आल्यावर चहाच्या टेबलावर किस्सा म्हणून सांगतो. बाई सांगत नाही, कारण तिच्या किस्स्याचा निष्कर्ष ठरलेला असतो, ‘पुढच्या वेळी जाऊ नकोस.’ पोलिसाला हे कळत नसेल असं कुणी समजू नये. तिला पैशांपेक्षा गप्प राहण्याची घाई जास्त आहे, हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

इथं परकं कोण?

आता बँकॉक सोडून इंदापूरला या. परकेपणा, एकटेपणा, घाई ही मापं इथं कुणाला लागू पडतात?

ज्या तालुक्यात जन्मली, लग्न होऊन आली, तीस-चाळीस वर्षं राबली, तिथल्या ठाण्यात बाई पर्यटकासारखी उभी असते. तिथली भाषा तिची नसते. अदखलपात्र, जबाब, पंचनामा, हजेरी, हे शब्द कुणी उलगडून सांगत नाही. ती एकटी असते, कारण नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला आलेल्या बाईबरोबर सासर येत नाही आणि माहेरही कचरतं. आणि तिला घाई असते. पोरं शेजारी सोडून आलेली असते, शेवटची एस.टी. निघून जाणार असते. मग “बसा बाहेर, साहेब येऊ द्या” एवढं म्हटलं की पुरतं. दोन तास बाकावर बसवणं हीच मागणी असते. पैशांचा उच्चार नंतर बाहेर टपरीवर होतो, तोही तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. अलीकडे तर नोटही लागत नाही, टपरीवाल्याच्या फलकावर मोबाईल धरला की काम झालं.

याच तालुक्यांतून आषाढाच्या वारीत तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचं रिंगण होतं. परगावच्या वारकरणीला कुणी नाव-गाव विचारत नाही, आधी पाणी देतात, मग भाकरी देतात. या पाहुणचाराचा मलाही अभिमान आहे. पण चार महिन्यांनी, गळीत हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यांनी बीडकडून दुसरी माणसं येतात. नवरा-बायकोच्या जोडीला आपण ‘एक कोयता’ म्हणतो, म्हणजे बाई मोजताना अख्खी धरतच नाही. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी अशा कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात त्यांच्या कोप्या पडतात. या बायांसाठी कुणी पायघड्या घालत नाही.

कोपीतल्या बाईवर फडात कुणी हात टाकला, तर तिनं कुठं जायचं? मुकादमाची उचल अंगावर आहे, म्हणून मुकादम म्हणतो मिटवून घ्या. ज्याच्या शेतात तोड चालू आहे तो म्हणतो बदनामी नको. ठाण्यात गेली तर पहिला प्रश्न “तुम्ही हितल्या नाहीत ना?” हा असतो. दुसरा प्रश्न ‘तोडपाण्याचा’. आरोपीकडून गुन्हा न नोंदवण्याचे आणि तिच्याकडून गुन्हा नोंदवण्याचे, असे दोन्हीकडून पैसे निघतात आणि जो जास्त देईल त्याचं ऐकलं जातं. ती कधीच जास्त देऊ शकत नाही. हंगाम संपला की ती गावाकडे जाते आणि तिची तारीख इथं पडते. परकी, एकटी आणि घाईत. परदेशातल्या पर्यटकाशी तिची तुलना केली तर आपल्याला विचित्र वाटतं, पण पोलिसाला ती अजिबात विचित्र वाटत नाही.

आणि जी परगावची नाही, पिढ्यानपिढ्या याच माळरानावर राहते, त्या पारधी बाईचं काय? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून देशातल्या कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सुरुवात केली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही. कुठंही चोरी झाली की पारध्याचं पाल आधी उधळलं जातं. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण देशभर गेलं, त्यावर लिहिलं गेलं. पण अशा प्रत्येक धरपकडीच्या वेळी ठाण्याबाहेर एक बाई उभी असते, कडेवर पोर आणि पदरात बांधलेले काहीतरी उसने पैसे. तिच्याकडून काय काय घेतलं जातं याची नोंद कुठल्याही डायरीत नसते.

परदेशात आपल्याला शंभर बाटांसाठी अडवलं की आपण संतापतो. म्हणतो, काय हा देश! मैत्रिणींनो, तो संताप जपून ठेवा आणि परत आल्यावर आपल्याच उसाच्या बांधावर घेऊन जा. तिथं त्याची खरी गरज आहे.

मागणी फक्त पैशांची नसते

‘लाच’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नोटा येतात. पण ज्या बाईकडे नोटा नाहीत तिच्याकडे काय मागितलं जातं, हे आपल्या चळवळीला नव्यानं सांगायला नको. आपल्या चळवळीचा एक उगमच पोलीस ठाण्यात आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला.

त्या टोकाच्या अत्याचाराच्या अलीकडे एक मोठा करडा पट्टा आहे, त्याबद्दल आपण कमी बोलतो. “तुमचा नंबर द्या, मी फोन करीन.” “संध्याकाळी या, तेव्हा निवांत असतो.” “एकटं राहता का?” हीसुद्धा लाचेचीच मागणी आहे. कायदाही हेच म्हणतो, फक्त आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाभ म्हणजे फक्त पैसा किंवा पैशांत मोजता येणारी वस्तू नव्हे, हे तिथं स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा सही करण्याच्या बदल्यात शरीराची किंवा जवळिकीची मागणी करणारा पोलीस विनयभंगाबरोबर लाचखोरीचाही आरोपी ठरू शकतो. जम्मू-काश्मीरमध्ये २०१८ साली अशा मागणीसाठी स्वतंत्र गुन्हा लिहिला गेला होता. २०१९ मध्ये तिथली दंडसंहिताच गेली आणि तो शब्दही गेला. महाराष्ट्रानं तो शब्द कधी उचललाच नाही.

नेहमीचे तीन बचाव

पहिला बचाव असा की पोलिसांचे हाल बघा, बारा-बारा तास ड्यूटी, बंदोबस्त, सणवार नाही. खरं आहे. पोलीस वसाहतीत राहणाऱ्या बायांचे हाल आम्हीच या चळवळीत मांडले आहेत. पण ज्यांनी त्यांना बारा तास उभं केलं त्यांच्याकडे हात पसरायची त्यांची हिंमत होत नाही आणि कोपीतल्या बाईपुढे होते, याला हाल म्हणायचं की सोय?

दुसरा बचाव असा की हे वरपासून चालतं, एकट्या हवालदाराला काय धरता? मार्च २०२१ मध्ये, मुंबईच्या आयुक्तपदावरून नुकतीच बदली झालेल्या अधिकाऱ्यानंच राज्याच्या गृहमंत्र्यांवर दरमहा १०० कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं पत्र लिहिलं. मंत्र्यांनी आरोप नाकारला, पुढे राजीनामा दिला आणि प्रकरण तपास यंत्रणांकडे गेलं. खरंखोटं कोर्टाचं काम. पण कुंपणच शेत खातं ही म्हण गावातल्या बाईला कुणी समजावून सांगावी लागत नाही. वरच्या पायरीवर काय चालतं हे खालच्या पायरीच्या बाजूनं बोलणारं कारण कसं होतं, ते मात्र मला कळत नाही. शिडी खालूनच हलवता येते.

तिसरा बचाव सगळ्यात गोड. ‘दिलं तर काम तरी होतं ना!’ होतं. पण कुणाचं? तुम्ही हजार देऊन पासपोर्ट घेतलात, आता तो भाव झाला. तुमच्यामागून येणारी अंगणवाडी सेविका, जिला मुलीकडे जायचं आहे, तिनं तो भाव द्यायचा कुठून? देणाऱ्या प्रत्येक बाईच्या मागे एक न देऊ शकणारी बाई उभी असते आणि तिची फाईल त्या टेबलावरच राहते.

सात दिवसांची मुदत

‘द्या आणि सुटा’ हा सल्ला आता कायद्यानंही धोक्याचा झाला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा आहेच, पण लाच देणं हाही आता सरळ गुन्हा आहे. सवलत एवढीच की तुम्हाला द्यायला भाग पाडलं गेलं असेल, तर सात दिवसांच्या आत तुम्ही तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. किंवा देण्याआधीच कळवून, त्यांच्या सल्ल्यानं सापळ्यासाठी पैसे दिले असले पाहिजेत.

हा कायदा करताना डोळ्यांपुढे कोण होतं? मोठा ठेकेदार, मोठी कंपनी, ज्यांच्या पदरी वकील असतो. फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या बाईला सात दिवसांत कुणी सांगावं की बाई, तुझ्याकडून पैसे काढले गेले आणि आता तूच आरोपी होशील? मारणारा आणि मार खाणारा यांना एकाच ओळीत उभं करायची ही रीत आपल्याला नवी नाही. हुंडा देणाऱ्या बापालाही कायद्यानं असंच उभं केलं, आणि त्याचा उपयोग तक्रारी थांबवायला किती झाला हे आपण पाहिलं. या तरतुदीला आपला विरोध असला पाहिजे. पण ती असेपर्यंत ती माहीत असणं हेच आपलं संरक्षण आहे.

सापळा कसा लागतो हेही माहीत असावं, म्हणजे भीती कमी होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार केली की आधी मागणीची पडताळणी होते, म्हणजे पंचांसमोर मागणी खरोखर होते का ते तपासतात. मग नोटांना एक पांढरी पूड लावतात. पैसे घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तक्रारदारानं मागणी केल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात. पुढे खटल्याला वर्षं लागतात आणि तेवढ्यात तक्रारदार बाईवर दबाव येतो, कधी ती उलटते. यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं १५ डिसेंबर २०२२ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून, परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही, मागणी सिद्ध होऊ शकते. म्हणजे सगळा भार एकट्या बाईच्या जबाबावर राहत नाही.

मग करायचं काय?

परदेशात अडवलं तर आधी जिवाचा विचार. रात्र आहे, एकटी आहात, समोर हत्यार आहे, तर पैसे देऊन निघा. त्यात कमीपणा नाही आणि गटात कुणी त्यावर हसायचं नाही. पण दिवसाउजेडी, चारचौघांत असाल तर एकच शब्द धरून ठेवा, पावती. दंड असेल तर लेखी द्या, ठाण्यात चला, तिथं भरते. आवाज चढवायचा नाही, हलायचंही नाही. त्याचं नाव आणि बिल्ला क्रमांक लिहून घ्यायला लागा. वही निघाली की पुष्कळदा रस्ता मोकळा होतो. पासपोर्टची छायाप्रत वेगळी ठेवा. ज्या देशात जाता तिथल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक मोबाईलमध्येही आणि कागदावरही ठेवा. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा वेगळा क्रमांक आहे, ११५५. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवा असं म्हणण्याचा तुमचा हक्क आहे, १९६३ च्या व्हिएन्ना करारानं तो दिला आहे. सहल कंपनीला जाण्याआधीच विचारा, की आमच्या बाईला पोलिसानं अडवलं तर तुमचा माणूस काय करेल? ‘सुटे पैसे ठेवा’ हे उत्तर स्वीकारू नका, त्याचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले आहेत.

आखातात घरकामाला जाणाऱ्या बायांबद्दल एक वेगळा शब्द. तीस वर्षांखालच्या बाईला तिकडे घरकामासाठी जायला परवानगी नाही, असा नियम सरकारनं तिच्या रक्षणासाठी म्हणून केला. दलालांनी त्यावर तोडगा काढला आणि कितीतरी बायांना पर्यटक म्हणून पाठवलं. कामगार म्हणून जे काही हक्क असते तेही त्यामुळे गेले आणि तिथल्या पोलिसापुढे ती कागदावर बेकायदा ठरली. पर्यटक व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणारा दलाल गावात आला तर त्याला बसायला पाट देऊ नका.

इथं, आपल्या तालुक्यात, चार गोष्टी पाठ करा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच हे सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर हद्द कुठलीही असो, फिर्याद घेतलीच पाहिजे असं आहे, आणि तिची प्रत फुकट मिळते. ‘तुम्ही हितल्या नाहीत’ हे कारण आता चालत नाही. दुसरं, तपासात साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. तिसरं, सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. अपवाद करायचाच तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. चौथं, लाच मागितली तर १०६४ हा क्रमांक फिरवा, पैसे लागत नाहीत. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, भ्रष्टाचार आणि खंडणी हे दोन्ही विषय त्याच्या कक्षेत येतात.

आणि पाचवी गोष्ट कायद्यात नाही, ती आपण करायची. ठाण्यात एकटीनं जायचं नाही. ज्या तीन गोष्टींच्या जोरावर वसुली चालते, त्यांतला एकटेपणा आपण फुकटात काढून टाकू शकतो. बचत गटाच्या दहा बाया दारात उभ्या राहिल्या की चहाची आठवण कुणालाच होत नाही. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आमच्या मागण्या

१. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात ‘पासपोर्ट पडताळणी विनाशुल्क आहे’ असा मराठीत फलक लावावा, १०६४ क्रमांकासकट.

२. सर्व ठाण्यांत कॅमेरे बसवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० रोजी दिला. आपल्या ठाण्यांत ते चालू आहेत का, चित्रण किती दिवस जपलं जातं, हे ठाणेदारांनी दर तीन महिन्यांनी जाहीर करावं.

३. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात आठवड्यातून एक दिवस महिला अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन ऊसतोड बायांच्या तक्रारी घ्याव्यात. जबाब लगेच नोंदवावेत, बाई गावी गेल्यावर तिला तारखांसाठी इथं खेचू नये.

४. लाच देण्यास भाग पाडलेल्या बाईची सात दिवसांतली माहिती बचत गट, ग्रामसभा किंवा महिला संघटनेमार्फत दिली तरी ग्राह्य धरावी.

५. कामाच्या बदल्यात शरीरसुखाची मागणी हा लाचखोरीचा वेगळा प्रकार म्हणून राज्यानं कायद्यात नावानिशी लिहावा.

येत्या हंगामाच्या आधी या मागण्यांचं निवेदन घेऊन आम्ही दोन्ही तालुक्यांच्या ठाण्यांत जाणार आहोत. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी यावं, ज्यांच्याकडे नाही त्यांनी तर यावंच. निवेदन दिल्यावर त्याच्या प्रतीवर पोहोच म्हणून सही-शिक्का घेतल्याशिवाय आम्ही उठणार नाही. आयुष्यभर आपण पावती न मागता देत आलो. ही पहिली पावती आपण मागून घेणार आहोत.